सराफ, निखारा आणि लांबू

मित्रा,

दोन वर्षं झाली ना रे, की जास्तच? तुझा शेवटचा मेसेज अजून तसाच पडलाय, वाचलेला आणि उत्तर न दिलेला. तब्येत ठीक, पाठ दुखते, सोड ते. लिहायला बसलो कारण लांबूला सांगून टाकलं. हो, तेच, शिबिराच्या पैशांचं.

तू दर भांडणात बायबलमधलं मत्तय 5 काढायचास, अर्पण वेदीपाशीच ठेव आणि आधी भावाकडे जा, आणि मी म्हणायचो की माझ्याकडे अर्पणच नाही तर ठेवू काय. काय हुशार समजायचो स्वतःला!

मंगळवारी गेलो. तो गिटारला नवी तार चढवत बसला होता. मी दारातच सगळं ओकलो, शिबिराची फी मी मारली, पावत्या मी लिहिल्या, पैशाचा डबा त्याच्या ताब्यात म्हणून सगळ्यांनी त्यालाच धरलं आणि त्या मीटिंगमध्ये मी त्याच्या शेजारी बसून ब्र काढला नाही. तो आपला खुंटी पिळतोय, तार छेडतोय, कान लावतोय, परत पिळतोय. मग म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं. पावतीवरचा नऊ तुझा होता, तुझा नऊ नेहमी आडवा पडतो." मग बोलला का नाहीस? तर म्हणे, "वाट बघत होतो. आधी तुला बडवायची, नंतर नुसतीच." आणि मग, "माफ कधीच केलं रे, आता हे टोक धर." मी तारेचं टोक धरून उभा राहिलो. रडायच्या तयारीने गेलो होतो, रडायला वेळच मिळाला नाही.

इथपर्यंत ठीक होतं. गुरुवारी रात्री पास्टरांचा फोन, पुढच्या रविवारी उपदेश तू कर. त्यांना यातलं काही माहीत नाही. आणि वचन कुठलं दिलं असेल? यशया 6, संदेष्ट्याला देवाचं दर्शन होतं तो अध्याय. हस, हस तू. आपण संडे स्कूलमध्ये त्यातले सराफीम, म्हणजे देवाच्या सिंहासनापाशी उभे असलेले देवदूत, सोन्याचे दुकानदार समजायचो आणि त्यांना सहा पंख कशाला हवेत यावर तू टीचरशी वाद घातला होतास (गिऱ्हाईक पळालं तर, हे उत्तर माझं होतं, तू ते नंतर स्वतःच्या नावावर खपवलंस, मी विसरलेलो नाही).

तेव्हापासून झोप नाही. यशया म्हणतो मी अशुद्ध ओठांचा मनुष्य, आणि एक सराफ चिमट्याने वेदीवरचा निखारा आणतो, तो लागतो बरोबर ओठांनाच. हाताला नाही, डोक्याला नाही. माझं पण पाप हाताने झालं ते थोडं, तोंड बंद ठेवून झालं ते जास्त. बरं, त्याला आधी जा म्हणून हुकूम पण होत नाही. पाप गेलं, आणि मग त्याला देवाचा प्रश्न ऐकू येतो, मी कोणाला पाठवू? हाच आपणहून म्हणतो, हा मी आहे, मला पाठव. मी पण पास्टरांना दुसऱ्या सेकंदाला हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर घाबरलो, की हे देवाचं बोलावणं आहे का हप्ता? म्हणजे लांबूने फुकट सोडलं ते मला पचत नाहीये म्हणून देवाच्या खात्यात काहीतरी भरायला निघालोय का मी?

कारण त्या अध्यायाची पहिलीच ओळ बघ, उज्जीया राजा मेला त्या वर्षी. इ.स.पू. 740 च्या आसपास. हा यहूदावर 52 वर्षं राज्य केलेला माणूस, पुढे डोक्यात हवा गेली आणि स्वतःच धूप जाळायला मंदिरात घुसला, ते काम याजकांचं, ते नको नको म्हणत होते त्यांच्यावर चिडला, आणि तिथेच कपाळावर कोड उठलं. मरेपर्यंत वेगळ्या घरात. आणि त्याच्या मरणाच्या वर्षी यशयाला वेदीवरचा निखारा लागतो आणि तो शुद्ध होतो! मग मी यातला कोण ते सांग. धुपाटणं घेऊन घुसणारा, की चिमट्याची वाट बघणारा?

आणि येशूचा शिष्य पेत्र. प्रभूला तीनदा नाकारलं तेव्हा शेकत बसला होता तो कोळशाचा विस्तव, आणि योहान 21 मध्ये 153 मासे मिळाले त्या सकाळी किनाऱ्यावर आला तर समोर परत कोळशाचाच विस्तव. तिथे येशूचा तीनदा एकच प्रश्न, माझ्यावर प्रेम करतोस का, आणि दर वेळी काम पण लगेच हातात, माझी कोकरे चारायला ने. आधी जुना हिशोब काढून मग बघू, असं काही नाही. हे वाचलं की बरं वाटतं, मग रात्री परत उज्जीया.

खरी गोची पुढेच आहे. उपदेशात सांगू का हे? सांगितलं तर माझी काय सुंदर साक्ष होईल, बायका डोळे पुसतील, आणि लांबू इतक्या वर्षांनी परत त्या डब्यापाशी उभा. नाही सांगितलं तर परत मी गप्पच. त्याला विचारलं तर म्हणाला, "तुझं तू बघ, मला फक्त गाण्यांची स्केल आधी पाठव." हा काय माणूस आहे यार.

तुझी नवी नोकरी कशी आहे, लेक चालायला लागली म्हणे, फोटो पाठव. आईंना सांग मी विचारत होतो. घर बदलणार होतास त्याचं काय झालं ते पण कळव.

पण आधी फोन कर, मेसेज नको. शिव्या घालून झाल्या की उत्तर दे, सांगू की नको सांगू. शनिवार रात्रीच्या आत. लांबू त्या दिवशी गिटार घेऊन माझ्या बरोबर मागे उभा असणार, त्याचं तोंड मला दिसणार पण नाही.

तुझाच,
आडवा नऊ