अपडेटने हिरावलेला हलका हात : पॅड कंट्रोलरबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : फर्मवेअर अपडेटनंतर प्रत्येक पॅडची टच सेन्सिटिव्हिटी स्वतंत्र लावता न येणे

महोदय,

तुमचा सोळा पॅडचा मिडी कंट्रोलर (पॅडवर बोट मारले की लॅपटॉपमधला आवाज वाजवणारे यंत्र) आमच्या भजन मंडळाने घेतला तो नानांसाठी. खांद्याच्या दुखण्यामुळे त्यांना आता पखवाज झेपत नाही, पण बोटांतली तयारी तशीच आहे. लॅपटॉपवर पखवाजाचे आवाज भरून दिले आणि गेल्या चवथीला घरोघरच्या भजनांना नानांनी याच पॅडवर साथ केली. भर पावसाळ्यात. एकही बोल गळला नाही.

मग तुमचे नवे फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतले सॉफ्टवेअर, आले. पूर्वी प्रत्येक पॅडचा थ्रेशोल्ड (ज्याच्याखालचा स्पर्श पॅड मोजत नाही ती मर्यादा) आणि गेन (स्पर्श किती वाढवून धरायचा ते प्रमाण) वेगळा लावता येत असे. आता तो पर्यायच काढून टाकलाय. सगळ्या पॅडना मिळून सॉफ्ट, नॉर्मल, हार्ड एवढे तीन कर्व्ह (किती जोराला किती आवाज, हे ठरवणारे साचे) उरलेत. नानांचा 'धा' वाजतो. 'तिट कत गदि गन'मध्ये बोट नुसते टेकते तिथे पॅड मुका राहतो, आणि जरा जोर दिला की कानठळ्या बसतात. कंट्रोलर कोणते आकडे पाठवतो ते दाखवणारा मिडी मॉनिटर मी लावून पाहिला. व्हेलॉसिटी, म्हणजे आघाताच्या जोराचा आकडा, १ पासून १२७ पर्यंत चढायला हवी. इथे एकतर आकडा उमटतच नाही, नाहीतर थेट शंभराच्या वर. बुवा अभंग आळवतात तेव्हा ठेका खाली ठेवायचा असतो, गजराला तो हळूहळू चढवायचा असतो. भजनाची सगळी साथ त्या मधल्या पट्ट्यात आहे, आणि तोच तुम्ही काढून घेतलात.

फोनवर 'सॉफ्ट कर्व्ह लावा' असे सांगण्यात आले. पण सेन्सरची नोंद थ्रेशोल्ड ओलांडून गेली तरच कर्व्ह तिच्यावर काम करतो. जो स्पर्श त्याच्याखाली अडला तो कर्व्हपर्यंत पोचतच नाही. बरे, थ्रेशोल्ड सरसकट खाली आणला तर शेजारच्या पॅडच्या हादऱ्याने न वाजवलेला बोल वाजतो. म्हणून तर ही सोय पॅडनिहाय लागते.

ईमेलच्या उत्तरात दोष कोकणच्या दमट हवेवर टाकलाय, याचे फार वाईट वाटले. खारी हवा यंत्रांना मानवत नाही हे आम्ही जाणतो. भजन आटोपले की कंट्रोलर कोरड्या फडक्याने पुसून सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद होतो. अपडेटच्या आदल्या रात्री सगळे पॅड ठीक होते. एका रात्रीत सगळे सेन्सर हवेने बिघडत नाहीत. त्यामुळे कंट्रोलर कुरियरने मुंबईच्या सेवा केंद्रात पाठवण्यातही अर्थ नाही.

जुने फर्मवेअर परत टाकण्याची फाइल द्या, किंवा नव्यात पॅडनिहाय सेटिंग पुन्हा आणा. दोन्ही जमत नसेल तर पूर्ण पैसे परत करा. 'प्रत्येक पॅडची सेन्सिटिव्हिटी स्वतंत्र' असे तुमच्या खोक्यावर छापलेले आहे आणि तेच वाचून आम्ही वर्गणी काढली.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवू. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे दाद मागता येते. गरज पडली तर सिंधुदुर्ग जिल्हा आयोगाकडेही जाऊ.

सोबत बिलाची प्रत, खोक्याचा फोटो आणि मिडी मॉनिटरचे रेकॉर्डिंग जोडले आहे. चवथ जवळ आलीय, नानांना सरावाला वेळ हवा. तेव्हा फाइल आधी पाठवा, बाकीचा पत्रव्यवहार मागाहून होईल.

आपला,
भजन मंडळाचा कार्यकर्ता
मालवण, जि. सिंधुदुर्ग