प्रशांतच्या गळ्यातली प्लेट

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

'प्लेट काढायला पुन्हा ऑपरेशन लागेल का?' असं तू विचारलंस. नाही लागणार. प्रशांतच्या मोडलेल्या घाटीवर, म्हणजे गळ्यातल्या स्वरपेटीवर, बसवलेली प्लेट आपोआप विरघळणारी आहे. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

पिंपळगावकडे अंधारात मळ्यातून मोटरसायकलवर येताना द्राक्षबागेच्या ताणाची तार थेट गळ्यावर आली. बाहेर नुसता लाल वळ. घरचे म्हणाले, झोप, सकाळी बघू. पण आवाज पार बसलेला, थुंकीत रक्त, आणि मानेवर बोट दाबलं की कातडीखाली करकर लागायची. आतून निसटलेली हवा होती ती. वहिनींनी कुणाचं ऐकलं नाही, रात्रीच गाडीत घालून नाशिकला आणलं. त्यांच्यामुळे तो वाचला रे.

डॉक्टरांनी आधी श्वासाची सोय केली. घाटी मोडलेली असताना तोंडातून नळी घालणं धोक्याचं, म्हणून मान बधिर करून खाली श्वासनलिकेला छेद दिला. मग सीटी स्कॅन. घाटीची पुढची कूर्चा, म्हणजे लवचिक हाडासारखा भाग, उभी चिरलेली, एक बाजू आत दबलेली. स्वरतंतू तिलाच आतून जोडलेले असतात, त्यामुळे तुकडे थोडे जरी वेडेवाकडे जुळले तरी आवाज कायमचा बिघडतो. म्हणून दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन.

पूर्वी हे तुकडे तारेने बांधत, मग टायटॅनियमच्या प्लेट आल्या. पण तरुण माणसाची कूर्चा मऊ, तिच्यात धातूचा बारीक स्क्रू सैल पडतो. ही प्लेट पॉलिलॅक्टिक आणि पॉलिग्लायकोलिक ॲसिडची, म्हणजे विरघळणाऱ्या टाक्यांच्याच जातीची. गरम केली की मऊ होते, घाटीच्या गोलाईवर बसवायची, गार झाली की कडक. स्क्रू धरत नसेल तिथे टाक्यांनीही बांधता येते. जखम भरेपर्यंत ती आधार देते, मग साधारण वर्ष-दीड वर्षात शरीरातच तिचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन जातं. महाग आहे, पण मला एकेक रुपया सार्थकी लागल्यासारखा वाटतो. बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारणारा माणूस तो, आवाजावरच त्याचं घर चालतं.

गळ्यातली नळी आता काढलीय. बोलतो, पण घोगरं आणि हळू. स्पीच थेरपी सुरू आहे, लिलाव एवढ्यात नाही.

त्याला फोन नको करूस, मेसेज कर. फोन आला की तो बोलायला जातो. आणि तुझ्या बागेत वाटेकडच्या ताणांना पांढऱ्या गोणीच्या चिंध्या बांध. या आठवड्यातच बांध.

तुझा,
विलास