वाचनालयातल्या काकाजींना, त्या 'कंटाळा' शब्दासाठी

काकाजी, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं म्हणून इथं लिहून राहिली आहे. नागपूरला बर्डीवरच्या वाचनालयात दुपारी कुलरसमोरच्या टेबलावर बसता ते तुम्ही. कोणी ओळखत असेल तर त्यांना प्लीज वाचून दाखवा.

मी बेचाळिसाव्या वर्षी मराठी एम.ए.चा फॉर्म भरला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं 'सुदाम्याचे पोहे' हे विनोदी लेखांचं पुस्तक हातात घेतलं आणि तिसऱ्याच पानावर अडकली, एकेक वाक्य संपता संपेना, शब्दांच्या खेळाची कोटीवर कोटी, आणि हसू काही येईना. क्लासमधे सरांना विचारलं तर सगळ्यांसमोर म्हणाले, यावर हसू येत नसेल तर मॅडम तुमचं मराठीच कच्चं आहे. त्या दिवशी घरी येऊन रडली मी.

तुम्ही काहीच समजावत बसला नाहीत. पिशवीतून तुमची स्वतःची जुनी प्रत काढली अन् एक पान उघडून माझ्याकडे सरकवलं. मार्जिनमधे पेन्सिलनं लिहिलं होतं, 'कंटाळा'. तुमचंच अक्षर, कॉलेजातलं. मग दहा-बारा पानं उलटून 'चोरांचे संमेलन' हा लेख दाखवला, तिथे त्याच पेन्सिलनं 'वा!' लिहिलेलं. "दोन्ही खरं आहे, इथून सुरू करा" एवढंच बोललात आणि प्रत माझ्याकडेच ठेवून निघून गेलात. अनोळखी बाईला पन्नास वर्षं जपलेलं पुस्तक कोण देतं हो?

काकाजी, कोट्या मला अजूनही जड जातात. पुस्तकातले सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या सगळीकडे फिरतात आणि बायका कुठे आतच राहतात, हेही खुपतं. पण चोर रीतसर संमेलन भरवतात तिथे मी एकटीच मोठ्यानं हसली. आणि १९०२ च्या सुमारास आपल्याच लोकांच्या अंधश्रद्धेवर, कर्मकांडावर असं उघड लिहायला किती हिंमत लागली असेल! कोल्हटकर हा माणूस १८७१ मधे आपल्या नागपुरातच जन्मला, 'बहु असोत सुंदर' हे गीत त्यांचंच, हे मला कोणत्याच क्लासमधे कोणी सांगितलं नव्हतं.

समोरच्याला येत नाही हे दिसल्यावर त्याला लाज न वाटू देणं, हा चांगुलपणा शिकलेल्या लोकांत किती कमी सापडतो. तुमच्यात मला तो दिसला.

प्रत प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवली आहे. चार लेख राहिलेत, शनिवारी घेऊन येते. एका पानावर मीही पेन्सिलनं बारीक 'कंटाळा' लिहिलं आहे, तुमच्या शब्दाच्या अगदी खाली. चालेल ना?