कडुनिंब लावणार नाही

ती. आई-बाबा,
शि. सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "कडुनिंबाचा पाला वाटून चिऊच्या अंगठ्याला लाव, दोन दिवसांत चोखणं सुटेल." लावणार नाहीये, आधीच सांगते. मिरचीचं तर नावही काढू नकोस. चिऊ झोपेत त्याच हाताने डोळे चोळते.

इथल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आलो. अडीच वर्षांच्या पोरीचा अंगठा बघून त्यांना काहीच वाटलं नाही. बाळं पोटात असल्यापासून अंगठा चोखतात आणि बहुतेकांचं 2 ते 4 वर्षांच्या दरम्यान आपोआप सुटतं. चौथ्या वर्षानंतरही सुटलं नाही, तर मात्र मागे लागायचं. कारण सहाव्या वर्षाच्या आसपास कायमचे दात यायला लागतात. तोवर चालूच राहिलं तर वरचे दात पुढे येतात, दात मिटले तरी मध्ये फट राहते. अंगठा नुसता तोंडात असला तर फारसं बिघडत नाही, जोर लावून चोखणं वाईट. आपली चिऊबाई कधीकधी 'पच्' असा आवाज काढते, म्हणून लक्ष ठेवायचं.

झोप आली, कंटाळा आला, नाहीतर घरात अनोळखी माणूस आलं की अंगठा तोंडात जातो. मग मी तिच्या हातात कणकेचा गोळा देते किंवा मटार सोलायला बसवते. अर्धे मटार पोटात जातात, जाऊ देत. गाढ झोपली की अंगठा हळूच बाहेर काढते.

दिवाळीत घर माणसांनी भरेल. "शी शी, एवढी मोठी झालीस!" असं कुणीतरी म्हणणारच, आणि काकू तर तिचा हातच ओढतील. त्यांना तुम्हीच आवरा. ओरडलं की ती रडते आणि रडली की पुन्हा अंगठाच. बाबा, दुपारी तिला तुमच्याजवळ घेऊन टाळ्यांची बडबडगीतं म्हणा. दोन्ही हात गुंततात.

देवघरातला वटपत्रावरचा बाळकृष्ण अंगठा चोखतो, त्याला कुणी कडुनिंब लावला का, असं तुमच्या जावईबापूंनी विचारायला सांगितलंय. तो पायाचा अंगठा आहे, त्यामुळे हा दाखला मला काही पटलेला नाही.

आम्ही धनत्रयोदशीला सकाळीच निघू. बाबांच्या बीपीच्या गोळ्या इथून आणायच्या का, ते कळव.

तुमची,
लेक