पोस्टवरचं जगणंही दाखवा
महोदय,
एलओसीवर (भारत-पाक नियंत्रण रेषेवर) फायरिंग झालं की चॅनेलवाले नुसता धूर दाखवतात, आत पोस्टवर, म्हणजे चौकीत, पोरं राहतात कशी ते कोणी सांगत नाही. 2003 च्या युद्धविरामाआधी मी पूंछकडे होतो. पलीकडून 'ठुप्प' आवाज आला की हातात काही सेकंदच, मॉर्टारचा (उखळी तोफेचा) गोळा उंच चढून वरूनच कोसळतो त्यामुळे भिंतीआड बसून भागत नाही, डोक्यावर छत लागतं, मग लंगरमधली डाळ चुलीवर तशीच टाकून सगळे बंकरमध्ये, वर येऊन बघावं तर करपलेली, तीच खायची. संडासलासुद्धा हेल्मेट घालून (हसू नका). 25 फेब्रुवारी 2021 ला दोन्ही देशांच्या डीजीएमओंनी (लष्करी मोहिमांच्या प्रमुखांनी) फायरिंग थांबवायचं परत ठरवलं, त्यावर तावातावाने चर्चा झालेली मला तरी दिसली नाही.
– एक माजी सैनिक, सातारा