पाळण्यातला पापी

प्रिय पेलाग्या,

माणूस निष्पापच जन्मतो म्हणणाऱ्या पेलागियसवरून पडलेल्या त्या जुन्या नावाने हाक मारली म्हणजे ओळख, पत्र भांडणाचं आहे. दीड वर्षात एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दलच्या शिव्या मनातल्या मनात देऊन मोकळा हो. तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच. जया बरी आहे.

झालं असं की शब्बाथ शाळेत पाठांतराला मी एक्कावन्नावं स्तोत्र दिलं. त्यातलं पाचवं वचन, आईने पापात गर्भ धरला ते, मुलांना नको असं उषाताई म्हणत होत्या. मी ऐकतोय कसला! ‘वचनाला कात्री लावायची नाही’ म्हणून त्यांनाच गप्प केलं. आमच्या वर्गातली रूथ सात वर्षांची. तिने ते धडाधड पाठ केलं, घरी गेली आणि अकरा दिवसांच्या भावाच्या पाळण्यापाशी जाऊन उभी राहिली. तो नुकता दूध पिऊन झोपला होता, ओठाच्या कोपऱ्यात थेंब तसाच. हिने त्याची मूठ उघडून आपलं बोट आत सरकवलं आणि म्हणाली, “प्रभूला सॉरी म्हण.” तो दचकून उठला, रडायला लागला. तर ही आईला सांगते, “बघ, त्याला माहितीये त्याने काय केलंय ते!”

तिची आई मला हे हसत हसत सांगत होती. मग एकदम थांबली आणि म्हणाली, “सर, खरंच काय केलंय हो याने?”

मी ऑगस्टिन सुरू केला, आदामाचं मूळ पाप प्रत्येक बाळात उतरतं म्हणणारा तो जुना बिशप. दुसरं येतंय काय मला! माझा हुकमाचा पत्ता तुला पाठ आहे: बोलताही न येणारं ते तान्हं, दूधभावाकडे पांढरंफटक होऊन जळफळत बघणारं. बाळाचे हातपाय दुबळे म्हणून ते निष्पाप, मन नव्हे, असं तो म्हणतो. आमचा डॅनी दोन महिन्यांचा असताना मी स्वतः ते तोंड पाहिलं होतं, आणि वसतिगृहात तुझ्याशी भांडताना ते नव्हतं याचं मला वाईट वाटलं होतं. पण या बाईसमोर अर्ध्या वाक्यात माझी जीभ अडकली. आंबट द्राक्षं बापांनी खाल्ली आणि दात मुलांचे आंबले ही म्हण पुन्हा काढू नका, असं यहेज्केलाच्या अठराव्यात देव बजावतो. आणि या पोराला तर अजून दातच नाहीत.

हो, रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय आठवला. बारावं वचन. ‘सर्वांनी पाप केल्यामुळे’ असं मूळ ग्रीकमध्ये आहे, लॅटिनमध्ये त्याचं ‘ज्याच्या ठायी सर्वांनी पाप केलं’ झालं आणि ऑगस्टिन त्यावर उभा राहिला, हे तू मला माझ्याच ग्रीक व्याकरणातून दाखवलंस. ते पुस्तक अजून परत आलेलं नाही, हे मी विसरलेलो नाही.

म्हणून तू जिंकलास असं समजू नकोस. तुझा पक्ष ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेत हरला आणि तू अजून अपिलात आहेस! पण ऑगस्टिनचंही मला आता गिळवत नाही. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना सगळ्यांत सौम्य दंड, म्हणे. सौम्य का होईना, दंडच ना? पुढच्यांनाही ते सोसवलं नाही, म्हणून लिंबो काढलं, ना स्वर्ग ना यातना अशी जागा. आणि २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मतत्त्वज्ञांच्या आयोगाने लिहिलं की या बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ आधार आहे. पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स तर आधीपासून म्हणतात की आदामाकडून मरण आलं, दोष नाही. प्रोटेस्टंट सुधारक झ्विंग्लीने मूळ पापाला रोग म्हटलं. रोग म्हटलं की मला बरं वाटतं. रोग्याला कुणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही.

आता खरं सांगतो, आणि हे तुलाच. डॅनीचं तुला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात पुन्हा तेच झालं. तो कोरी पाटी घेऊन आला होता आणि जे लिहिलं ते सगळं त्यानेच लिहिलं, असं तुझा पेलागियस म्हणणार. पाळण्यातल्यांशी फार मायाळू आहे रे तो. तिशीतल्या माणसाला मात्र सूट नाही. त्या रात्री मला मूळ पापाचाच आधार वाटला. माझ्याकडून काहीतरी मोडकं त्याच्यात गेलं असेल, माझ्यात माझ्या बापाकडून. तू हसशील. आयुष्यभर मी ही शिकवण सत्य म्हणून मांडली आणि आता धरून बसलोय ती पोरासाठी पळवाट म्हणून. मग रूथच्या भावाला निर्मळ म्हणायचं तर डॅनीला काय म्हणायचं?

तिच्या आईला शेवटी म्हणालो, “त्याने काहीही केलेलं नाही.” एवढंच. घरी येऊन जयाला सांगितलं, तर ती म्हणाली, “हे उषाताईंना आधीच कळत होतं.”

धाकटीचा निकाल लागला का? तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना सलाम सांग. तुझा रक्तदाब वगैरे ठीक असेलच.

लवकर लिही. रूथला वाटतंय की भावाने अजून माफी मागितलेली नाही, आणि परवा रविवार आहे. ती पहिल्या बाकावर बसते.

तुझा,
मन्या