‘घरबसल्या काम’ आणि खोट्या नोटिसा

महोदय,

घरबसल्या कामाच्या नावाखाली फसवणूक झाल्याची बातमी आली की ‘लोभ नडला’ असं बोलणारे हमखास भेटतात. मला ते पटत नाही. तान्ह्या बाळामुळे किंवा अंथरुणाला खिळलेल्या सासूमुळे जिला घराबाहेर पडता येत नाही, तिने घरून करता येईल असं काम शोधलं तर त्यात लोभ कसला?

टेलिग्रामवरच्या ‘टास्क’चा प्रकार आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. व्हिडिओ लाइक केल्याचे सुरुवातीचे शे-दीडशे रुपये खरंच खात्यात येतात, मग ‘प्रीपेड टास्क’साठी हजारो रुपये उकळले जातात. डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने अशी शंभराहून अधिक संकेतस्थळं बंद केली.

‘डेटा एंट्री’बद्दल मात्र फारसं बोललं जात नाही आणि मला तो प्रकार अधिक क्रूर वाटतो. आमच्या सोसायटीतल्या एका मुलीने आधार कार्ड देऊन, करारावर सही करून असं काम घेतलं. पुसट पानांचे फोटो पाहून तिने रात्र रात्र टायपिंग केलं. शेवटी ‘अचूकता कमी भरली’ म्हणून पैसे तर नाहीच, उलट करारभंगाची भरपाई मागितली. व्हॉट्सॲपवर नोटीस आली: वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, लाल अक्षरांत ‘अटक वॉरंट’. स्वतःला वकील म्हणवणारा माणूस दिवसभर फोन करत होता. घरी कळू नये म्हणून ती कानातले मोडायला निघाली होती.

करार मोडला, तर तो दिवाणी वाद ठरतो. त्यासाठी पोलिस उचलून नेत नाहीत आणि कोणतंही न्यायालय फोनवरून यूपीआयने ‘सेटलमेंट’ मागत नाही. अशा वेळी पैसे भरू नयेत, नोटिशीचे आणि कॉलचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवली गेली तरच ती परत मिळण्याची आशा असते.

आपल्याला एक विनंती आहे. छोट्या जाहिरातींत ‘घरबसल्या कमवा’ आणि खाली फक्त मोबाइल नंबर, असा मजकूर मराठी वृत्तपत्रांनी छापू नये. छापील जाहिरातीवर लोकांचा अजून विश्वास आहे. जाहिरातदाराचा पत्ता आणि आस्थापनेची नोंदणी पाहूनच ती घ्यावी, आणि ज्या कामासाठी आधी ‘नोंदणी शुल्क’ मागतात त्याची जाहिरात तर परतच करावी.

— एक वाचक, डोंबिवली